पोराला स्टेटसवरून उतरवा

दिवाळीच्या आधी पुतण्याचा फोन आला. एरवी "तात्या, गुडघा काय म्हणतोय, पाऊस झाला का" असं सगळं विचारून मग मुद्द्यावर येणारा पोरगा. त्या दिवशी थेट म्हणाला, "तात्या, ते स्टेटस आत्ता काढा. फोन ठेवू नका, मी थांबतो."

झालं होतं असं. आदल्या दिवशी त्याच्या आईनं मला त्याचा नवा फोटो पाठवला होता. डोक्यावर मरून रंगाची बेरे टोपी, छातीवर बलिदानाचा बिल्ला, दोन्ही बाजूला दोन दोस्त, मागे बराकीची भिंत आणि भिंतीवरच्या पाटीची अर्धी अक्षरं. मला राहवलं नाही. "आमच्या घराण्याचा अभिमान, पॅरा कमांडो" असं लिहून, पुढे तीन तिरंगे जोडून मी तो व्हॉट्सअ‍ॅपला लावला. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या वर लोकांनी बघितला होता. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस मी, अर्धा तालुका माझ्या फोनात आहे. त्यात जुने विद्यार्थी आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, गॅसवाला आहे, आणि "गवंडी नवीन" या नावानं साठवलेला एक नंबर आहे, ज्याचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

"अरे, चोवीस तासांत जातंय की आपोआप," मी म्हणालो.

"स्क्रीनशॉट काढायला दोन सेकंद लागतात, तात्या. आणि माझं एक सोडा. शेजारच्या दोघांच्या घरच्यांना विचारलंत का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. त्यांची नावंही मला माहीत नव्हती. मी स्टेटस काढलं आणि दूध आणायला स्टँडकडे गेलो, तर तिथं तोच फोटो दहा फूट बाय आठ फुटांचा होऊन उभा! आमच्या तरुण मंडळानं माझ्याच स्टेटसवरून उचलला होता. पोराचा चेहरा जेवढा, त्याच्या दुप्पट शुभेच्छुकांचे. वर आबा, खाली दादा, कोपऱ्यात भाऊ. पोराचं नाव, गाव, युनिटचा आकडा, सगळं ठळक अक्षरांत. दोन्ही दोस्तही होते, त्यांच्या कानांवरून झेंडूच्या माळेचं चित्र गेलेलं. फ्लेक्स उतरवायला मला दोन दिवस आणि तीन घरचे चहा लागले. "सर, पोराचं कौतुक नको का?" हा प्रश्न प्रत्येक घरात आला. त्याचं उत्तर तेव्हा मला धड देता आलं नाही. आता देतो.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या लोकांना फौज नवी नाही. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी अशी गावांचीच नावं आहेत. सांबा, राजौरी, तवांग ही ठिकाणं म्हातारीकोतारी माणसं शेजारच्या वाडीसारखी बोलतात. साध्या पलटणीतल्या जवानाचं कौतुक चारचौघांत होतं, त्यात वावगं फारसं काही नाही. पण लष्कराचे पॅरा कमांडो म्हणजे पॅरा एसएफ, नौदलाचे मार्कोस, हवाई दलाचे गरुड, एनएसजी, यांची गोष्ट वेगळी आहे. हे थोडे लोक असतात. कुठं जाणार हे शत्रूला कळू नये, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा जीव टांगलेला असतो. शंभराला शंभर भिडले तर हत्यारं आणि हिंमत कामाला येते. बाराजण रात्री कुणाच्या तरी घरात शिरणार असतील, तर त्यांच्याकडे मोठं हत्यार एकच असतं, ते येणार हे कुणाला माहीत नसतं. ते आपण फ्लेक्सवर छापतो.

२००८ सालचा नोव्हेंबर आठवा, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्यातल्या नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरत होते आणि मी चहाचा कप हातात धरून ते टीव्हीवर बघत होतो. आमच्या सौ. तर मोजत होत्या, "सहा... सात..." आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसंच माणसं दिसत होती. मोजणारे आम्ही एकटे नव्हतो. त्या तीन दिवसांत पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही टीव्ही लावून बसले होते आणि पडद्यावर दिसेल ते आतल्या दहशतवाद्यांना फोनवरून सांगत होते. ती संभाषणं पुढं न्यायालयात आली. त्या इमारतीत हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट गेले, ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन.

सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ रोजी हल्लेखोर कसाबच्या अपिलावर निकाल दिला, तेव्हा या प्रक्षेपणावर वेगळं भाष्य केलं. न्यायालय तोलून बोललं. प्रक्षेपणामुळे जवानांपैकी कुणाला प्रत्यक्ष इजा झाली का, हे शोधणं शक्य नाही. पण त्यामुळे त्यांचं काम फार अवघड आणि धोक्याचं झालं यात शंका नाही, अशा अर्थाचं ते म्हणणं होतं. मला हे 'शोधणं शक्य नाही' फार लागलं. आपण चहा पीत मोजले, त्याची किंमत कुणी मोजली हे आपल्याला कधीच कळणार नाही.

हल्ल्याच्या त्याच दिवसांत मार्कोसचे जवान पत्रकारांसमोर आले, ते तोंडाला काळं फडकं बांधून. आमच्या सातवीच्या वर्गातल्या पोरांनी पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत रुमाल बांधून त्यांची नक्कल केली. तोंड झाकलेला तो कमांडो, एवढं पोरांना बघताक्षणी कळलं होतं.

केबल टीव्हीच्या नियमांत २०१५ साली दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं पुन्हा सूचना काढली. तिच्यात कारगिल, कंदाहार आणि मुंबई, तिन्हींची आठवण दिली होती. ती फक्त वाहिन्यांसाठी नव्हती, समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही, म्हणजे तुम्हाला-मला, तिच्यात बजावलं होतं. आमच्या गावच्या सातही ग्रुपवर ती सूचना कुणी टाकली नाही. फौजेच्या गाड्या हायवेनं चालल्याचा व्हिडिओ मात्र मे महिन्यात सातही ग्रुपवर आला.

कौतुक झाकून ठेवता येतं का? येतं. ठेवणारी माणसं आपल्यातच होऊन गेली. कॅप्टन मोहन नारायणराव सामंत हे नाव किती मराठी घरांत माहीत आहे? १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, ते नौदलात कमांडर होते, करंज पाणबुडीचे पहिले कप्तान. त्या वर्षी मार्चअखेर फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानच्या मँग्रो पाणबुडीवरून आठ बंगाली खलाशी पळाले आणि भारतात पोचले. त्यांना हाताशी धरून नौदलानं सामंतांच्या देखरेखीखाली प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी एक छावणी उघडली. कॉलेजातली आणि शेतातली बंगाली पोरं तिथं आणून त्यांना रात्री पोहायला शिकवलं. छातीशी गमछानं चुंबकी सुरुंग बांधायचा, अंधारात जहाजाखाली जाऊन तो चिकटवायचा आणि प्रवाहाबरोबर निघून यायचं. ऑगस्टच्या मध्यावर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांतली जहाजं त्यांनी उडवली. हल्ल्याचा इशारा होता आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेली दोन गाणी. पहिलं लागलं की तयारी, दुसरं लागलं की निघायचं. हजारो घरांत ती गाणी ऐकली गेली असतील, कुणाला काही कळलं नाही.

डिसेंबरमध्ये सामंत स्वतः गनबोटी घेऊन मोंगला-खुलन्याकडे गेले. तिथं आपल्याच विमानांनी चुकून आपल्याच बोटींवर हल्ला केला, दोन बुडाल्या. आयएनएस पनवेल वाचली. होय, आपल्या रायगडातल्या पनवेलच्या नावाची. तिनं पाण्यातली माणसं उचलली आणि लढाई पुढं चालू ठेवली. सामंतांना महावीरचक्र मिळालं. पण त्या साऱ्या मोहिमेची सविस्तर हकिगत पुस्तकरूपानं आली २०१९ साली, पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनीच लिहिलेली. त्याच वर्षी ते गेले. मधली जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं त्यांच्याही घरी पाहुणे आले असतील, लग्नकार्यं झाली असतील, "युद्धात तुम्ही काय केलं हो?" असं कुणी तरी विचारलं असेलच.

याच्या उलट बघा. २ मे २०११ च्या रात्री अमेरिकेच्या नेव्ही सील्सनी अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनला मारलं. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी नंतर सांगितलं की, मोहिमेचा तपशील बाहेर सांगायचा नाही असं व्हाइट हाउसमध्ये सगळ्यांनी ठरवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ते मोडलं. आधी पुढारी बोलले, मग सैनिक. पुढच्या वर्षी त्या तुकडीतल्या मॅट बिसोनेट यानं टोपणनावानं पुस्तक लिहिलं. ते बाजारात येण्याआधीच त्याचं खरं नाव एका वाहिनीनं फोडलं. हस्तलिखित सरकारकडून तपासून घेतलं नव्हतं म्हणून पुढं खटला झाला आणि पुस्तकाच्या कमाईतले ६६ लाख डॉलर सरकारजमा करायचं त्याला कबूल करावं लागलं. मग २०१४ मध्ये त्याच तुकडीतला रॉबर्ट ओनील टीव्हीवर आला आणि गोळी मी घातली म्हणाला. दोघांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. आपल्या कामाची जाहिरात करायची नाही, हे सील्सच्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे. त्यांच्या वरिष्ठांनी त्या सुमारास पत्र काढून तेच पुन्हा सांगितलं. पण घोडं सुटलं होतं.

त्या गडबडीत एक माणूस चिरडला गेला, त्याची आठवण फार कमी जणांना असते. डॉ. शकील आफ्रिदी. लसीकरणाच्या नावाखाली लादेनच्या घराची माहिती काढायला त्यांनी सीआयएला मदत केली, हे २०११ सालीच छापून आलं. पाकिस्तानात २०१२ साली त्यांना तेहतीस वर्षांची शिक्षा झाली. आणि लस देणारे हेरच असतात असा संशय तिथल्या लोकांत इतका रुजला की पोलिओचे थेंब पाजायला जाणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळी प्रसिद्धी वाईटच का? तसं नाही. ११ डिसेंबर १९७१ ला आपली २ पॅरा बटालियन टांगाइलला विमानांतून उतरली. ही मुळातली मराठा पलटण, ३ मराठा लाइट इन्फंट्रीची. उतरले सातशेच्या आसपास जवान. तेव्हाचे संरक्षण खात्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी वर्तमानपत्रांना फोटो दिला तो आग्र्याच्या एका जुन्या सरावाचा, अख्खी ब्रिगेड आकाशातून उतरतानाचा. जगभर छापून आलं, पाच हजार भारतीय छत्रीधारी उतरले! ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानच्या जनरल नियाझींचा धीर खचायला त्याची मदत झाली असं मानलं जातं. पाच दिवसांनी हीच पलटण ढाक्यात सगळ्यांच्या आधी शिरली. पण त्या फोटोत कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, खरा आकडा नव्हता. केव्हा काय सांगायचं हे ज्याचं काम होतं त्यानं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्षानं नाही.

पुढाऱ्यांबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यांना सांगून काही होत नाही. सप्टेंबर २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर सैन्याच्या अधिकाऱ्यानं चार मोजकी वाक्यं वाचून दाखवली, तेवढं पुरेसं होतं. पुढं पोस्टर लागली, चित्रफिती आल्या, भाषणं झाली. त्या कारवाईच्या वेळी नॉर्दर्न कमांड ज्यांच्या हाताखाली होती, त्या लेफ्टनंट जनरल हुडा यांनीच २०१८ साली जाहीरपणे सांगितलं की याचा अति गाजावाजा झाला. निवडणूक आयोगानं २०१३ साली आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावलं की प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. आमच्या स्टँडवरचा तो फ्लेक्स, आबा-दादा-भाऊंसकट, म्हटलं तर त्याच जातीचा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मास्तर सगळंच झाकायला सांगतायत. नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ती कधी उघडायचीच नाही असं म्हण सांगत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या स्पेशल एअर सर्व्हिस रेजिमेंटचा त्या देशाला केवढा अभिमान होता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या चौकशीचा ब्रेरेटन अहवाल आला. अफगाणिस्तानात निःशस्त्र माणसं आणि कैदी मिळून ३९ जणांना बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती त्यात होती. वर्षानुवर्षं हे बाहेर आलं नाही, कारण 'स्पेशल फोर्सेसना प्रश्न विचारायचा नसतो' ही हवा. काही आतलेच जवान बोलले, पत्रकारांनी पाठ सोडली नाही, तेव्हा चौकशी झाली. या बोलणाऱ्यांना मी फितूर म्हणणार नाही.

गप्प बसण्याचा भार कधीकधी भलत्याच माणसांवर पडतो. आपल्या स्पेशल फ्रंटियर फोर्समधले तिबेटी जवान १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत लढले, पन्नासेक जण मेले. दलाचं अस्तित्वच गुप्त, त्यामुळे उघड शौर्यपदकं नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँग तलावाजवळ त्यातलाच एक जवान गेला, तेव्हा लेहला त्याच्या शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटचा झेंडा दोन्ही होते आणि रस्त्यावर माणसं लोटली होती. पन्नास वर्षांनी का होईना, कुणी तरी बघितलं. असा उशिराचा हिशेब सरकारकडे आपण मागायला हवा. जुन्या मोहिमांचे कागद खुले करा, मेलेल्यांच्या घरच्यांना खरं काय झालं ते सांगा, चूक झाली असेल तर चौकशी करा. हे मागताना लाजू नका. आत्ता पोरगा कुठं आहे, हे मात्र विचारू नका. लोक नेमकं उलटं करतात.

तर आता कामाचं बोलू. तुमच्या घरचं, भावकीतलं, आळीतलं पोरगं अशा दलात असेल, तर सांगताना एवढंच सांगा, "फौजेत आहे." पलटण कुठली, कोर्स कुठला, हे चुलत्यालाही सांगायची गरज नाही. मी माझ्यावरून सांगतो. सुट्टीवर आला की परत कधी जाणार ते ग्रुपवर लिहू नका. रेल्वेचं तिकीट काढून देणाऱ्या पोरानं ते स्टेटसला लावल्याचं मी बघितलंय. फोटो काढा, जरूर काढा, वर्दीतलाही काढा, अल्बममध्ये लावा, पण ग्रुपवर टाकू नका. फोनातल्या फोटोबरोबर तो कुठं काढला हेही बऱ्याचदा साठवलेलं असतं. पळायचं, चालायचं अ‍ॅप असेल तर त्यातला रस्ता लोकांना दिसणार नाही असं करून घ्या. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपनं जगभरच्या धावण्याचा नकाशा छापला आणि २०१८ च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की त्यात परदेशातले लष्करी तळ उजळून दिसतायत. सैन्यानं २०२० साली जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप काढायला लावली होती. पोरानं काढली, मग आई-बापाच्या फोनवरून तोच फोटो गेला तर काय उपयोग?

फोन येतात. "मी त्याच्या युनिटमधून साहेब बोलतोय, मुलगा आत्ता नेमका कुठे आहे, शेवटचा फोन कधी आला?" बोलणारा हिंदी गोड बोलतो, पोराचं नाव बरोबर घेतो. नाव त्याला फ्लेक्सवरून मिळालेलं असतं. युनिटला आपला जवान कुठं आहे हे आईला विचारावं लागत नाही. नंबर टिपून घ्या, फोन ठेवा, पोराला कळवा. फेसबुकवर पोराची चौकशी करणाऱ्या गोड चेहऱ्याच्या अनोळखी पोरीलाही हाच नियम.

मंडळाच्या पोरांनो, तुमच्यावर माझा राग नाही. कौतुक करायचं तर त्याच्या म्हाताऱ्याच्या उसाची तोड वेळेवर लावून द्या. आईला बँकेत नेऊन आणा. त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढायला उभे राहा. त्याला ते कळतं. फ्लेक्सचा खर्च सहाशे-सातशे रुपये, तो शाळेच्या वाचनालयाला द्या. बहिर्जी नाईक कसे दिसायचे हे साडेतीनशे वर्षांत कुणाला सांगता आलं नाही, आणि आपल्या चौकात त्यांचाही फ्लेक्स आहेच. निदान जिवंत माणसाला सोडा.

पुतण्या परवा येऊन गेला. चार दिवस राहिला, गोठ्याचा पत्रा बदलला, मला दवाखान्यात नेलं. पारावर कुणीसं विचारलं, "काय रे, तिकडं काय काम असतं?" म्हणाला, "स्टोअरला आहे. ब्लँकेटं मोजतो." हसले सगळे. मीही हसलो आणि गप्प बसलो.

आता हे वाचून झालं की फोन काढा. स्टेटस बघा, डीपी बघा, घरच्या ग्रुपवरचे फोटो वर सरकवत मागच्या दिवाळीपर्यंत जा. सापडलं तर चोवीस तासांची वाट बघू नका.